हिरवी म्हणजे अर्थिंग

बाबांच्या थोरल्या भावाला सगळी रांझी, म्हणजे हिंदी मुलखातली आमची फॅक्टरीची वस्ती, चार्जमनसाहेब म्हणायची, आणि घरात आम्ही चार्जमनकाका. फॅक्टरीत कामगारांच्या वर आणि खऱ्या साहेबांच्या खाली अशी ती एक पायरी असते. तिच्यावर एकदा माणूस चढला की मरेपर्यंत उतरायचं नाव घेत नाही. काकांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सकाळचा भोंगा वाजला की ते शर्ट पँटमध्ये खोचून, खिशाला दोन पेनं लावून तयार. जायला जागा नव्हती, म्हणून आमच्या क्वार्टरमध्ये यायचे. ते आले की बाबा उठून त्यांना खुर्ची द्यायचे आणि स्वतः पलंगाच्या कडेवर, शाळेतल्या मुलासारखे, गुडघ्यांवर हात ठेवून बसायचे. काका चहा बशीत ओतून सुर्रर्र आवाज करत प्यायचे आणि पंख्याचा वेग, आईची फोडणी, माझे मार्क, सरकार, सगळ्यांवर ओळीनं निकाल द्यायचे. प्रत्येक निकालाच्या शेवटी एकच वाक्य: "आमच्या सेक्शनमध्ये असं चालत नसे." काय चालत असे ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

लहानपणाबद्दल लिहायला बसलं की लोकांचा गळा भरून येतो म्हणे. माझं वय आत्मकथन लिहायचं नाही हे मला ठाऊक आहे, तिशी नुकतीच उलटली आहे. पण गळा भरून यायला लागायच्या आत हे लिहून टाकावं असं वाटलं. म्हातारपणी मी कदाचित काकांना माफ करीन. आत्ता अजिबात विचार नाही.

बाबा इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. हात सोन्याचा. कॉलनीत कुणाचा कूलर अडला, मिक्सर जळला की आधी बाबांकडे. त्यांनी दिलेला सोल्डरचा टाका आरशासारखा चमकायचा. पण हाच माणूस मोठ्या भावापुढे उभा राहिला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. आमच्या स्वयंपाकघरातला स्विचबोर्ड नळाच्या अगदी शेजारी आहे, का? दादा म्हणाला. स्कूटर हिरवट राखाडी, तोफेसारखी, का? दादा म्हणाला. माझं नाव मृणाल ठेवायचं ठरलं होतं, ते कुसुम झालं, दादा म्हणाला. पंच्याण्णव साली जन्मलेल्या मुलीचं नाव कुसुम! शाळेत मुली मला आँटी म्हणायच्या. दादा म्हणाला होता की पोरीनं बी.एड. करावं, मी इलेक्ट्रॉनिक्सला गेले ती केवळ आईमुळे. आई काकांना म्हणाली, "भाऊजी, बी.एड.ला आधी कोणतीतरी डिग्री लागते ना, तीच करून राहिली ती." काकांनी पुढे विचारलं नाही. आईला काका कळले होते. बाबांना चाळीस वर्षं सोबत राहून कळले नव्हते.

कॉलेजबद्दल बोलण्यासारखं काही नाही. शेवटच्या वर्षाला सगळी पोरं बाजारातून तयार प्रोजेक्ट आणत, वरचं लेबल खरवडून आपलं चिकटवत, आणि सर त्यावर "व्हेरी नाइस" म्हणत. मी हट्टानं स्वतः केलं. आमच्याकडे सकाळी नळाला पाणी आलं की वरची टाकी भरायची, वाहायची, आणि बाजूच्या भाभीजी खालून ओरडायच्या, "अरे बंद करो भाई, पूरा नहा गए हम!" म्हणून मी टाकीचा भोंगा केला. अर्ध्या आगपेटीएवढा एक मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, त्यातून निघून टाकीत सोडलेल्या तारा. पाणी वरच्या तारेला टेकलं की घरात पीं पीं. लॅपटॉपला यूएसबी केबलनं जोडला की बोर्डात नवा प्रोग्रॅम भरता यायचा आणि पाणी कुठवर आलं ते पडद्यावर दिसायचं. केबल लावली की लॅपटॉप टुडुंग असा आवाज करायचा, म्हणजे मला बोर्ड भेटला. हा टुडुंग लक्षात ठेवा.

पुण्याच्या एका कंपनीनं मला शेवटच्या मुलाखतीपर्यंत येऊ दिलं होतं. मुलाखत घरूनच द्यायची, लॅपटॉपवर, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतरचा भोंगा झाला की. अट एकच: केलेली वस्तू चालू दाखवायची, आणि ते सांगतील तो बदल त्यांच्यासमोर करून बोर्डात भरायचा. काकांनी यावरही निकाल दिला होता. सिहोऱ्याला त्यांच्या ओळखीच्या एका शाळेत कॉम्प्युटरच्या मॅडमची जागा होती. "रोज बसनं जायचं, रोज बसनं यायचं. पुणं-बिणं काहून पाहिजे? पण चलो, देऊ दे मुलाखत. नापास झाली की तिचंही समाधान होईल." बाबा म्हणाले, "हो दादा." म्हणजे ठरलं. त्या दुपारी बोर्ड चालला तर पुणे, नाही चालला तर सिहोऱ्याच्या बसमध्ये खिडकीशी बसून मुलांच्या वह्या तपासत म्हातारं व्हायचं.

बाबांनी त्या दिवशी रजा घेतली होती. आईनं पातोडीचा रस्सा करायला घेतला होता. घरात काही महत्त्वाचं असलं की ती पातोडीच करते, मग ते बारसं असो की तेरावं. बेसनाच्या वड्या थापायचा थपथप आवाज, खोबरं-खसखस भाजल्याचा वास, बाहेर खोवा-जलेबीवाल्याची हाक. आणि काका. मी बोर्ड लॅपटॉपला जोडून शेवटची चाचणी करत होते, तोच ते आले, वाकले, आणि "हेच का ते?" म्हणत त्यांनी बोर्ड उचलला. उचलला म्हणजे केबलला धरून उचलला, मेलेला उंदीर शेपटीनं उचलतात तसा. कट् असा बारीक आवाज झाला. केबल काकांच्या हातात, केबलच्या टोकाला बोर्डावरची, केबल जिच्यात खुपसायची ती इवलीशी खोबण, खोबणीला उपटून आलेलं तांबं, आणि बोर्ड टेबलावर.

"काय हा माल," काका म्हणाले. "हात लावला नाही तर तुटला. चायनाचा ना? आमच्या सेक्शनमध्ये असा माल गेटवरूनच परत जात असे."

मी रडले नाही. त्या घरात रडणं म्हणजे काकांना अजून एक भाषण देणं. खोबण गेली तर गेली, केबल सरळ बोर्डालाच डकवायची, दुसरा उपाय नव्हता. बाबांनी त्यांची सोल्डरिंगची पेटी काढली, भिंग काढलं. मी केबलचं टोक कापून वरचं आवरण सोललं. आत चार वायरी: लाल, काळी, पांढरी, हिरवी. बाबा बोर्ड धरून बसले आणि मी काम करता करता त्यांना सांगत होते, कारण त्यांना खरंच ऐकायचं होतं. लाल आणि काळी वीज आणतात. हिरवी आणि पांढरी विजेच्या नाहीतच, त्या दोघी मिळून कॉम्प्युटरशी बोलणं करतात. लाल-काळीला बोर्डावर चांगली भोकं होती. हिरवी-पांढरीची जागा खोबणीबरोबर उपटली होती, म्हणून त्या दोघींना चिपकडे जाणाऱ्या दोन रेझिस्टरांच्या टोकांवर बसवायचं होतं. ती टोकं मोहरीएवढीसुद्धा नव्हती.

"अच्छा," बाबा भिंगातून बघत म्हणाले, "म्हणजे टेलिफोनच्या जोडीसारखं झालं. बोलायची जोडी वेगळी, विजेची वेगळी."

"अगदी तसंच, बाबा."

"मोठं सुंदर आहे हे," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी अगदी मनापासून म्हटलं होतं. म्हणूनच मी ते विसरत नाही. काका मागे खुर्चीत पेपर वाचत होते. म्हणजे पेपर धरून आमच्यावर नजर ठेवून होते.

चारही टाके बसले. आई आतून ओरडली, "कुसुम, आंघोळ कर आधी, केस बघ काय झाले! तशीच बसशील का साहेबांसमोर?" वेळ होता. मी बाबांना म्हटलं, कुणाला हात लावू देऊ नका, आणि आंघोळीला गेले. परत आले तेव्हा पेटी बंद करून जागेवर ठेवलेली होती, बाबा भिंग पुसत होते, आणि काकांच्या चेहऱ्यावर नवीन मशीनला नारळ फोडल्यावर असतं ते हसू होतं. मी केबल लॅपटॉपला लावली. बोर्डावरचा लाल दिवा लागला. टुडुंग झालं नाही. काढून परत लावली. दिवा लागला. लॅपटॉप मख्ख. त्याच्या दृष्टीनं कुणी आलेलंच नव्हतं.

भिंग घेऊन पाहिलं. रेझिस्टरवरची माझी हिरवी वायर निघाली होती. ती काळीला पीळ देऊन जोडलेली, दोघींवर मिळून एक टाका. आरशासारखा चमकणारा. काकांच्या थरथरत्या हातानं असा टाका सात जन्मांत बसला नसता.

"मी करवून घेतलं," काका म्हणाले. "तू हिरवी भलतीकडे लावून ठेवली होती. इंजिनियर होऊन राहिली अन् इतकं माहीत नाही? अरे भाई, ग्रीन मतलब अर्थ. कलर कोड म्हणजे कलर कोड. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. जमीन नाही तिथं अर्थिंग न्यूट्रललाच बांधायची. अर्थिंग मोकळी सोडली असती तर त्या पुण्यावाल्यांसमोर शॉक बसला असता तुला."

"काका, ही घराची वायरिंग नाही. पाच व्होल्टनं मुंगी मरत नाही. हिरवीतून बोलणं जातं."

"वायरमधून करंट जातो. बोलणं तोंडातून जातं."

"मग लॅपटॉपला बोर्ड दिसून का नाही राहिला?"

"दिवा लागला ना?" काकांनी बोटानं दाखवलं. "मग झालं. दिवा लागला म्हणजे चालू. आता बिघाड तुझ्या लॅपटॉपमध्ये."

सांगते, जगातला निम्मा मूर्खपणा या दिव्यावर चालतो. दिवा लागला, फीत कापली, फोटो काढला, घरी गेले. पुण्यात मी ज्या कंपनीत आहे तिथले मोठे साहेबही यातलेच. फक्त इंग्रजीत बोलतात. पण त्या दिवशी मला एवढं मोठं काही सुचलं नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. अर्ध्या तासापूर्वी याच माणसानं टेलिफोनच्या जोडीची गोष्ट केली होती. एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं.

काकांनाही तेच सुचलं. "हिला सोड. तू सांग," ते बाबांना म्हणाले. "तू इलेक्ट्रिकलचा माणूस. हिरवी म्हणजे काय?"

बाबांनी भिंग पुसलं. पुसलेलंच परत पुसलं. बाहेर जलेबीवाला पुढच्या गल्लीत गेला होता.

"हिरवी म्हणजे अर्थिंगच, दादा," ते म्हणाले.

काकांचा मला राग आला होता. बाबांची किळस आली. हा शब्द वडिलांसाठी वापरू नये हे मला माहीत आहे, आणि दुसरा शब्द मी शोधून पाहिला आहे. काका अडाणी होते. अडाणी माणूस खोटं बोलत नाही, त्याला तसंच वाटतं. बाबांना माहीत होतं. त्यांनी माहीत असून, माझ्या पुण्यासकट, ती वायर उपटली होती, आणि वर टाका सुंदर घातला होता. मी पेटी ओढली, इस्त्री गरम करायला लावली. सोल्डरिंगच्या त्या कांडीला आमच्या घरी इस्त्रीच म्हणतात. काका खुर्चीतून उठले. "हात लावशील तर बघ. अर्थिंग तोडायची नाही. माझ्यादेखत नाही." आणि बोर्ड उचलून चक्क मुठीत धरला.

तेव्हा आई आली. हातात पळी, कपाळावर बेसन. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मुठीकडे, आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "भाऊजी, पातोडी गार होऊन राहिली. रस्सा आज असा जमला आहे की तुमच्या आईच्या हातचा आठवेल. आधी बसून घ्या. ते खेळणं पळून जाऊन राहिलं का कुठं?" काकांनी नाकानं हवा ओढली. मूठ उघडली. ज्या माणसापुढे बाबा आयुष्यभर उभे राहू शकले नाहीत, तो बेसनाच्या वडीपुढे एका मिनिटात बसला.

"तूही ये रे," काका आत जाता जाता बाबांना म्हणाले, आणि बाबा गेले. माझ्या शेजारी थांबले नाहीत. मी एकटीनं हिरवी सोडवली. रेझिस्टरचं टोक दोनदा तापून आता सैल झालं होतं, आणखी एक चटका आणि तेही उपटलं असतं, मग सिहोरा. माझे हात ओल्या केसांमधून येणाऱ्या पाण्यानं निसरडे झाले होते. आतून पानं वाढल्याचे आवाज येत होते, काकांची फुरक्यांची माळ, "वा, वा," आई "अजून एक वडी, भाऊजी, एवढीशी तर आहे", आणि मध्ये मध्ये बाबांचं हळू चावणं. ते चावणं मला वेगळं ऐकू येत होतं. श्वास धरला, टेकवलं, सोडलं. माझा टाका भद्दा होता, मातीच्या ढेकळासारखा. केबल लावली.

टुडुंग.

फॅक्टरीचा भोंगा झाला आणि पडद्यावर दोन पुणेकर उगवले. स्टीलच्या बादलीत तारा सोडून मी तांब्यानं पाणी ओतत गेले, पडद्यावर आकडे चढत गेले, पीं पीं झालं. त्यांनी सांगितलं, भोंगा पाणी काठाशी यायच्या थोडा आधीच वाजायला हवा. बदललं, भरलं, वाजला. सगळा वेळ मागच्या खोलीत काका घोरत होते. आईनं त्यांना इतकं वाढलं होतं की हात धुऊन ते सरळ आडवे झाले. दोघांपैकी एकानं विचारलं, "हा मागे कसला आवाज येतोय?" मी म्हटलं, "जुना पंप आहे, सर. बंद होत नाही." तो म्हणाला, "त्याच्यासाठी काही बनवा की." मी म्हटलं, प्रयत्न चालू आहे.

पुण्याहून होकार आला तेव्हा काकांनी सगळ्या कॉलनीत पेढे स्वतः वाटले. "अर्थिंग मी करून दिलं होतं," प्रत्येक दारात. मराठी मंडळाच्या गणपतीत माझा सत्कार झाला, त्यात मी दोन वाक्यं बोलले आणि काका आरतीची वेळ होईपर्यंत. लोक माना डोलवत होते. माझी चुलत-मावस भावंडं, ज्यांना मराठी नुसतं समजतं, ती मला कोपऱ्यात विचारायची, "दीदी, अर्थिंग क्या सच में ताऊजी ने किया था?" बाबा पहिल्या रांगेत, गुडघ्यांवर हात. इथे पुण्यात मी "काहून" म्हटलं की ऑफिसातल्या बायका गोड हसतात, जणू मी जंगलातून आले. मीही गोड हसते. त्यांच्यातल्या एकीलाही साधा टाका घालता येत नाही.

निघायच्या दिवशी स्टेशनवर तिघंही आले होते. आईनं डब्यात कोरड्या पातोड्या दिल्या आणि ती रडली, त्या दिवशी आम्हा दोघींना रडायची मुभा होती कारण काकांचं लक्ष हमालाला सामान कसं उचलावं ते शिकवण्यात होतं. गाडीला सिग्नल मिळाला. काका बाबांच्या मागे उभे राहून शेजारच्या बर्थवरच्या अनोळखी माणसाला खिडकीतून सांगत होते, "पुतणी आहे माझी. इंजिनियर. पण बेसिक कच्चं होतं, अर्थिंग मला करून द्यावं लागलं."

बाबा खिडकीच्या गजांना धरून होते. ते वाकले, तोंड गजांच्या अगदी जवळ आणलं, आणि मला कसंबसं ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "हिरवी बोलायची असते. मला माहीत होतं गं."

महिनाभर मी ज्या वाक्याची वाट पाहिली होती ते हे. आलं तर असं आलं, चोरासारखं.

"मोठ्यानं बोला ना, बाबा," मी म्हटलं, मुद्दाम मोठ्यानं. "मागे काकांना ऐकू आलं नाही."

"काय म्हणून राहिली ती?" काकांनी मागून विचारलं.

गाडी हलली. बाबा दोन पावलं सोबत चालले. त्यांनी मागे वळून भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड उघडलं.

"काही नाही, दादा," ते म्हणाले. "पोचल्यावर फोन करते म्हणून राहिली."